कंपनीचा मेल सर्व्हर प्रोव्हायडरमार्फत मेल पाठवतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ल्यातला काजू कारखाना, रत्नागिरीतली मासळी निर्यात करणारी कंपनी, देवगडचे आंबा बागायतदार, मालवणचं छोटं हॉटेल. या सगळ्यांचे मेल सर्व्हर सांभाळताना फोनवर जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. प्रोव्हायडर म्हणजे जीमेल, ॲमेझॉन एसईएस, सेंडग्रिड यांसारखी मेल पुढे पोचवणारी सेवा. आपल्या सर्व्हरने तिथं लॉगिन करून मेल सोपवायचा, याला ‘ऑथेंटिकेटेड रिले’ म्हणतात. उदाहरणं पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची आहेत, कारण आपल्या भागात लिनक्सवर तोच जास्त दिसतो. सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर देऊन लिहायची, आणि आकडेही इंग्रजीच.

आमचा सर्व्हर इतकी वर्षं स्वतःच मेल पाठवत होता. आता मध्ये प्रोव्हायडर कशाला?

सर्व्हर तोच आहे, पण मेल घेणारे आता आधी पाठवणाऱ्या यंत्राचा इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी, बघतात. ऑफिसच्या ब्रॉडबँडचा आयपी बहुधा बदलता असतो, आणि बरेचदा तो अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. असे पत्ते स्पॅमहाउसच्या पीबीएलसारख्या यादीत आधीपासूनच असतात. ‘या पत्त्यावरून थेट मेल येणं अपेक्षित नाही’, एवढंच ती यादी सांगते. तुम्ही काही चूक केलेली नसते, तरी दार बंद असतं. शिवाय आयपीवरून नाव सांगणारी उलटी डीएनएस नोंद लागते (डीएनएस म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची आणि पत्त्यांची नोंदवही). ती तुमच्या हातात नसते, इंटरनेट कंपनीच्या हातात असते. घरगुती किंवा छोट्या ऑफिसच्या जोडणीवर ती मिळवणं फार अवघड जातं. कित्येक कंपन्या तर मेल बाहेर जाण्याचं दार, म्हणजे २५ नंबरचं पोर्टच, बंद ठेवतात.

म्हणून मेल तयार करायचा तुमच्या सर्व्हरने, आणि बाहेर न्यायचा ज्याच्या पत्त्याला पत आहे अशा प्रोव्हायडरने. मात्र पत्ता प्रोव्हायडरचा असला तरी मेलवरचं नाव तुमचंच असतं. त्या नावाची जबाबदारी प्रोव्हायडर घेत नाही. खालचे बरेच प्रश्न या एका गोष्टीतून निघतात.

‘ऑथेंटिकेटेड’ म्हणजे नेमकं काय?

१९८२ साली एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवण्याचा नियम, ठरला तेव्हा त्यात लॉगिन नव्हतं. कोणीही कोणाच्याही सर्व्हरला मेल पुढे पाठवायला सांगू शकत असे. १९९९ मध्ये त्यात युजरनेम-पासवर्डची सोय आली. आज प्रोव्हायडर म्हणतो, आधी टीएलएसने जोडणी बंदिस्त (एन्क्रिप्ट) करा, मग ओळख पटवा, मग मेल द्या. क्रम हाच. बंदिस्त न करता पासवर्ड देऊ गेलात तर ५३० हा कोड आणि ‘आधी स्टार्टटीएलएस’ असं उत्तर येतं.

२५, ४६५ की ५८७?

५८७ घ्या. साध्या जोडणीने सुरुवात होते आणि स्टार्टटीएलएसने ती बंदिस्त होते. ४६५ वर पहिल्या क्षणापासून टीएलएस असतं. तेही उत्तम, पण पोस्टफिक्समध्ये त्यासाठी ‘एसएमटीपी टीएलएस रॅपरमोड’ चालू करावा लागतो. तो विसरलात तर जोडणी नुसती अडकून राहते. २५ हे सर्व्हर-ते-सर्व्हर बोलण्यासाठी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

पोस्टफिक्समध्ये नेमकं काय काय बदलायचं?

काम थोडं आहे, पण क्रम चुकला की रात्र जाते.

मेन डॉट सीएफ या फाइलमध्ये ‘रिलेहोस्ट’ ही ओळ लिहायची. सर्व्हरचं नाव चौकटी कंसात, मग विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके, मग ५८७. कंसाला अर्थ आहे: याच नावाच्या यंत्राकडे जा, त्या डोमेनची एमएक्स नोंद (येणारा मेल कुठं द्यायचा ते सांगणारी) शोधत बसू नको. त्याखाली ‘एसएमटीपी सॅसल ऑथ एनेबल’ला (सॅसल म्हणजे लॉगिनची यंत्रणा) ‘येस’, ‘एसएमटीपी सॅसल सिक्युरिटी ऑप्शन्स’ला ‘नोअनॉनिमस’, आणि ‘एसएमटीपी टीएलएस सिक्युरिटी लेव्हल’ला ‘एन्क्रिप्ट’. ही शेवटची ओळ ‘मे’ ठेवलेली मी खूप ठिकाणी बघतो. ‘मे’ म्हणजे जमलं तर बंदिस्त, नाही तर उघडं. पासवर्ड जाणार असेल तिथं ‘जमलं तर’ चालत नाही.

मग पासवर्डची फाइल. एका ओळीत डावीकडे रिलेहोस्ट, उजवीकडे युजरनेम, दोन ठिपके, पासवर्ड. आणि ‘एसएमटीपी सॅसल पासवर्ड मॅप्स’ या ओळीत या फाइलचा पत्ता. इथं सगळ्यात जास्त चूक होते: डावीकडचं नाव मेन डॉट सीएफमधल्या रिलेहोस्टशी अक्षरशः जुळायला हवं, कंसासकट, पोर्टसकट. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी कुडाळच्या एका कारखान्यात मी दीड तास पासवर्ड बदलत बसलो होतो. बाहेर आंब्याचा टेंपो भरत होता आणि अकाउंट्समधल्या ताई दर दहा मिनिटांनी विचारत होत्या, ‘मेल गेलो काय?’ पासवर्ड पहिल्यापासून बरोबर होता. एका फाइलमध्ये शेवटी ५८७ होतं, दुसऱ्या फाइलमध्ये नव्हतं. नाव जुळलं नाही तर पोस्टफिक्स त्याबद्दल तक्रार करत नाही. तो लॉगिन न करताच पुढे जातो आणि प्रोव्हायडर त्याला परत पाठवतो. म्हणून लॉगमध्ये ‘ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड’ दिसलं तर आधी या दोन ओळी एकाखाली एक ठेवून वाचा.

पासवर्डची फाइल आधी सहाशे परवानगीवर आणा, म्हणजे रूटशिवाय कोणी वाचणार नाही, आणि मगच ‘पोस्टमॅप’ चालवा, जो त्या फाइलवरून पोस्टफिक्सला वाचायची फाइल बनवतो. पोस्टमॅपने बनवलेल्या फाइलमध्येही पासवर्ड उघडाच असतो, आणि ती मूळ फाइलच्या परवानग्या घेऊन जन्मते. उलट क्रमाने केलंत तर एक फाइल बंद आणि दुसरी उघडी राहते. शेवटी पोस्टफिक्स रीलोड.

डेबियन किंवा उबुंटूवर सगळं नीट लिहूनही ‘नो मेकॅनिझम अव्हेलेबल’ आलं तर सॅसल मॉड्यूल्सचं पॅकेज बसवायचं राहिलंय. ते बसवलं की काम होतं.

पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे. तरी ५३५ येतं.

५३५ म्हणजे लॉगिन नाकारलं. बहुतेक वेळा तो पासवर्ड दुसऱ्या दाराचा असतो. जीमेलमध्ये तुमचा रोजचा पासवर्ड सर्व्हरला चालत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो. वैयक्तिक खात्यांना साध्या पासवर्डने लॉगिन करण्याची सोय गूगलने ३० मे २०२२ पासून काढायला घेतली. ॲमेझॉन एसईएसमध्ये युजरनेम हा ईमेल पत्ता नसतोच. एसएमटीपीसाठी वेगळी जोडी बनवावी लागते, आणि ती ज्या रीजनमध्ये बनवली तिथंच चालते. मुंबई रीजनची जोडी सिंगापूरच्या सर्व्हरवर ५३५ देणार. सेंडग्रिडमध्ये युजरनेमच्या जागी ‘एपीआयकी’ हाच शब्द लिहायचा असतो, तुमचं नाव नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये त्या मेलबॉक्ससाठी एसएमटीपी ऑथ बंद असू शकतं, ते ॲडमिनकडून उघडून घ्या.

पोस्टफिक्सला हात लावण्याआधी ‘स्वॅक्स’ या छोट्या साधनाने तीच जोडी वापरून एक मेल पाठवून बघा. तिथं चाललं तर दोष फाइलमध्ये आहे, तिथंही नाही चाललं तर खात्यात. अर्धा शोध तिथंच संपतो.

मेल जातो, पण समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतो. प्रोव्हायडर चांगला नाही का?

प्रोव्हायडरवर यायच्या आधी आंब्याकडे या. देवगडची पेटी, देवगडचा छापील कागद, आणि आत परराज्यातला आंबा: हा अनुभव मुंबईच्या गिऱ्हाइकाला आहे आणि त्याचा त्रास आपल्या बागायतदाराला आहे. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते यासाठीच, की पेटीवरचं नाव आणि आतला माल यांचा मेळ सिद्ध करता यावा. मेलमध्ये ‘प्रेषक’ ही ओळ म्हणजे पेटीवरचा कागद आहे. तो कोणीही छापू शकतो. नाव खरं आहे हे सिद्ध करायला डीएनएसमध्ये तीन नोंदी लागतात.

एसपीएफ सांगते, आमचा माल कोणत्या गाड्यांतून येतो. प्रोव्हायडर जोडलात तर त्याचं नाव या नोंदीत घालायलाच हवं. दोन गोष्टी जपा. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असते. जुनी तशीच ठेवून दुसरी नवी टाकली तर दोन्ही निकामी होतात. हे इतक्या ठिकाणी दिसतं की मी आता पहिल्यांदा तेच तपासतो. आणि या नोंदीमुळे होणारे डीएनएस शोध १० च्या आत राहायला हवेत. जुन्या सेवांची नावं काढत चला.

डीकेआयएम म्हणजे पेटीला मारलेलं सील. प्रोव्हायडर मेलवर सही करतो आणि त्या सहीची उघडी चावी तुमच्या डीएनएसमध्ये राहते. वाटेत मजकूर बदलला तर सील तुटलेलं दिसतं. इथं नीट बघायची बाब अशी की प्रोव्हायडरने सही तुमच्या डोमेनच्या नावाने करायला हवी. पुष्कळ खाती सुरुवातीला प्रोव्हायडरच्या स्वतःच्या डोमेनने सही करतात. सील खरं असतं, पण त्यावर नाव वाहतूकदाराचं असतं.

डीमार्क या दोन्हींना जोडते. प्रेषकाच्या ओळीतलं डोमेन हे एसपीएफ किंवा डीकेआयएममध्ये सिद्ध झालेल्या डोमेनशी जुळतंय का, आणि जुळत नसेल तर काय करावं, हे ती घेणाऱ्याला सांगते. ‘एसपीएफ पास’ दिसतं आणि तरी डीमार्क नापास होतं, याचं कारण बहुधा हेच: परतीचा पत्ता प्रोव्हायडरच्या डोमेनचा असतो, तो पास होतो, पण तुमच्या नावाशी जुळत नाही. अशा वेळी तुमच्या डोमेनची डीकेआयएम सही तारून नेते. म्हणून तिन्हींत मी डीकेआयएमवर सर्वांत जास्त वेळ घालवतो.

डीमार्कची सुरुवात ‘नन’ने (काहीच करू नका) करा आणि अहवाल येऊ द्या. बिलिंगचं सॉफ्टवेअर, वेबसाइटवरचा चौकशी फॉर्म, पगाराची सेवा, असे तुमच्या नावाने मेल पाठवणारे विसरलेले कोपरे त्या अहवालांतच सापडतात. ते सगळे नोंदीत आले की ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका), मग ‘रिजेक्ट’ (नाकारा). पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लावलेल्या एका कंपनीची स्वतःचीच बिलं परदेशी गिऱ्हाइकाकडे नाकारली गेलेली मी पाहिली आहेत.

सीझनमध्ये मेल अचानक थांबतात. रोजची मर्यादा असते का?

असते, आणि एप्रिल-मेमध्येच ती आठवते. साध्या जीमेलवर दिवसाला ५००, वर्कस्पेसच्या खात्यावर २,०००. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये मिनिटाला ३० मेल आणि दिवसाला १०,००० प्राप्तकर्ते. ॲमेझॉन एसईएसचं नवं खातं चाचणी अवस्थेत असतं: २४ तासांत २०० मेल, तेही फक्त पडताळलेल्या पत्त्यांना. त्यातून बाहेर पडायचा अर्ज सीझन सुरू होण्याआधी करा, पहिली पेटी निघाल्यावर नको.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने आणखी एक रेघ ओढली आहे. दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल जीमेल पत्त्यांवर पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे आहेत, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढून घेण्याची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यापर्यंत पोचता कामा नयेत. इतके मेल आपल्याकडे क्वचित कोणी पाठवतो. पण ‘यंदाचा हापूस आला’ हा मेल जुन्या यादीतल्या सगळ्यांना एकदम सोडला तर तक्रारी होतात, आणि त्याची झळ बिलांच्या मेलला बसते. जाहिरातीसाठी वेगळं सबडोमेन ठेवा. हे मी आग्रहाने सांगतो.

स्कॅनर आणि हजेरीचं यंत्र जुनं आहे, त्याला टीएलएस येत नाही.

त्याला थेट प्रोव्हायडरकडे पाठवू नका. ते ऑफिसातल्या पोस्टफिक्सला मेल देईल, पोस्टफिक्स लॉगिन करून पुढे नेईल. त्यासाठी ‘मायनेटवर्क्स’मध्ये ऑफिसच्या नेटवर्कची रेंज लिहा, आणि फक्त तेवढीच. तिथं सगळ्या जगासाठी दार उघडं राहिलं तर तुमचा सर्व्हर ओपन रिले होतो आणि रात्रीत कोणाचेही हजारो मेल तुमच्या नावावर जातात.

अशी यंत्रं प्रेषकाच्या जागी भलतंच काही लिहितात, ‘रूट ॲट लोकलहोस्ट’ वगैरे. प्रोव्हायडर ते नाकारतो, कारण तो पत्ता तुमच्या पडताळलेल्या डोमेनचा नसतो. ‘एसएमटीपी जेनेरिक मॅप्स’ने बाहेर जाताना तो पत्ता बदलता येतो.

एकाच सर्व्हरवर काजूची कंपनी आणि होमस्टे, दोन डोमेन आहेत. दोन प्रोव्हायडर चालतील?

चालतील. ‘सेंडर डिपेंडंट रिलेहोस्ट मॅप्स’ वापरा आणि ‘एसएमटीपी सेंडर डिपेंडंट ऑथेंटिकेशन’ला ‘येस’ करा.

पावसात लाइन जाते, वीज जाते. मग मेल हरवतात का?

नाही. पोस्टफिक्स मेल डिस्कवर लिहिल्याशिवाय ‘घेतला’ असं म्हणत नाही. लाइन नसेल तर मेल रांगेत थांबतो. पहिला पुन्हा प्रयत्न साधारण ३०० सेकंदांनी, मग अंतर वाढत ४,००० सेकंदांपर्यंत. मूळ सेटिंगप्रमाणे ५ दिवस असं चालतं, त्यानंतर मेल पाठवणाऱ्याकडे परत येतो.

बाकी ठिकाणी ५ दिवस पुरतात. कोकणात पुरतीलच असं नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कितीतरी गावं ५ दिवसांहून जास्त काळ अंधारात होती. ‘मॅक्सिमल क्यू लाइफटाइम’ मी इथं १० दिवस ठेवतो. सोबत ‘डिले वॉर्निंग टाइम’ ४ तास करा. मूळ सेटिंगमध्ये ही सूचना बंद असते, त्यामुळे मेल अडकलाय हे पाठवणाऱ्याला कळतच नाही.

लाइन परत आली की रांगेतले सगळे मेल एकदम निघतात आणि प्रोव्हायडरच्या दर सेकंदाच्या मर्यादेला आपटतात. ४ ने सुरू होणारे कोड दिसले तर घाबरू नका, ते ‘नंतर या’ एवढंच सांगतात. ‘डिफॉल्ट डेस्टिनेशन रेट डिले’ १ सेकंद ठेवलात तर रांग सावकाश, पण न अडखळता मोकळी होते. रांग बघायला ‘पोस्टक्यू’ या आज्ञेपुढे वजाचिन्ह आणि पी, ढकलायला वजाचिन्ह आणि एफ. रांग रिकामी करण्याच्या नादात मेल पुसून टाकू नका.

आणखी एक. वीज वारंवार गेल्यावर जुन्या मशीनचं घड्याळ मागे पडतं. प्रमाणपत्राची कडक तपासणी लावली असेल तर ‘प्रमाणपत्र अजून लागू नाही’ म्हणून जोडणी तुटते, आणि कारण वेळेत आहे हे पटकन सुचत नाही. वेळ जुळवणारी सेवा चालू ठेवा.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये तळमजले पाण्याखाली गेले. सर्व्हर वरच्या मजल्यावर ठेवा, आणि मेन डॉट सीएफ, पासवर्डची फाइल, डीएनएस नोंदींची यादी यांची कुलूपबंद प्रत गावाबाहेर कुठेतरी ठेवा. यंत्र नवं घेता येतं. सेटिंग आठवून लिहिण्यात आठवडा जातो.

लॉगमध्ये ‘सेंट’ आहे, गिऱ्हाईक म्हणतो मेल आलाच नाही.

ती ओळ पूर्ण वाचा. ‘स्टेटस सेंट’च्या पुढे कंसात २५० आणि प्रोव्हायडरने दिलेला एक लांबलचक क्रमांक असतो. याचा अर्थ प्रोव्हायडरने मेल घेतला. पुढची हकिकत तुमच्या लॉगमध्ये कधीच येणार नाही. तो क्रमांक घेऊन प्रोव्हायडरच्या डॅशबोर्डवर शोधा: पोचला, परत आला की अडवला, तिथं कळतं. परत आलेल्या मेलची सूचना बरेचदा प्रेषकाच्या पत्त्यावर येते. तो पत्ता ‘नोरिप्लाय’ असेल आणि त्याचा मेलबॉक्सच नसेल, तर सूचना कोणी वाचणार नाही. तो मेलबॉक्स खरा ठेवा, आणि एका माणसाने तो रोज उघडावा.

१२ एमबीची कागदपत्रं जात नाहीत. प्रोव्हायडर तर २५ एमबी म्हणतो.

मेलमध्ये फाइल मजकुराच्या रूपात जाते आणि सुमारे एक तृतीयांश फुगते. २५ एमबीच्या मर्यादेत प्रत्यक्ष १८ एमबीच्या आसपासच बसतं. तुमची अडचण त्याआधीची आहे: पोस्टफिक्सची स्वतःची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे, म्हणजे साधारण ७ एमबीची फाइल. ‘मेसेज साइझ लिमिट’ वाढवा.

येणाऱ्या मेलवर काही परिणाम होईल?

नाही. येणारा मेल एमएक्स नोंदीने येतो. तिला आपण हात लावलेला नाही.

सगळं बसवलं. आता खात्री कशी करायची?

कंपनीच्या पत्त्यावरून एका जीमेल पत्त्यावर मेल पाठवा. तिथं तो उघडून ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतील. तिन्हींपुढे ‘पास’ हवं, आणि डीकेआयएमपुढे तुमचंच डोमेन हवं. मग हीच चाचणी स्कॅनरवरून, बिलिंगवरून आणि वेबसाइटच्या फॉर्मवरून करा. प्रत्येकाचा मेल वेगळा उघडून बघा. सगळे पास झाले की राऊटरवर ऑफिसातून बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट बंद करा, म्हणजे एखाद्या संगणकात व्हायरस शिरला तरी तो तुम्हाला वळसा घालून मेल पाठवू शकणार नाही. त्यानंतर दोन दिवस सकाळी चहाच्या वेळी रांग आणि लॉग बघा. तिसऱ्या दिवशी आठवड्याची पाळी लावली तरी चालेल.